नॉलेज मॅनेजमेंटची पुस्तकं वाचायची तर सुरुवात कुठून करायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "माहितीशास्त्र आणि नॉलेज मॅनेजमेंटवरचं कुठलं पुस्तक आधी वाचू?" हे मला सारखं विचारलं जातं, कधी लायब्ररी सायन्सची मुलं विचारतात, कधी ऑफिसात अचानक 'केएम'ची, म्हणजे नॉलेज मॅनेजमेंटची (संस्थेतल्या माणसांकडचं ज्ञान टिकवून एकमेकांपर्यंत पोचवायची) जबाबदारी गळ्यात पडलेली माणसं, आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न येतोच की आता सर्च आहे, एआय आहे, मग ही जाडजूड पुस्तकं वाचायची कशाला.

माझं मत सरळ आहे. ज्या पुस्तकाचा लेखक खरोखर कुणाच्या तरी शेजारी बसून त्याचं काम बघत राहिलाय, ते आधी वाचा. खाली डेटा, त्यावर माहिती, त्यावर ज्ञान आणि टोकाला शहाणपण असा पिरॅमिड काढून सुरू होणारी पुस्तकं नंतर वाचलीत तरी काही बिघडत नाही. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना नेमकं काय घडतं ते त्यांत बहुतेक वेळा सांगितलेलंच नसतं, आणि सगळी मेख तर तिथेच आहे.

म्हणून मी पहिलं नाव घेते ज्यूलियन ऑर यांच्या 'टॉकिंग अबाउट मशीन्स'चं, 1996 चं पुस्तक. ऑर मानववंशशास्त्रज्ञ, पण ते अभ्यासाला गेले झेरॉक्सची फोटोकॉपी मशीनं दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन लोकांबरोबर. कागदावर काम सोपं होतं: मशीन एरर कोड दाखवणार, तो मॅन्युअलमध्ये बघायचा, दिलेल्या स्टेप्स करायच्या, झालं. पण एका प्रसंगात मशीन दाखवत होतं तो कोडच दिशाभूल करणारा निघाला, मॅन्युअलप्रमाणे सगळं करूनही काही होईना, मग तो टेक्निशियन आणि त्याच्या मदतीला आलेला जाणकार दोघं मशीनपाशी उभं राहून जुन्या बिघाडांचे किस्से एकमेकांना सांगत गेले, अमक्या मशीनचं असं झालं होतं, तमक्याचं तसं, मध्येच काहीतरी तपासून बघायचं, परत किस्सा, आणि असं करता करता खरा बिघाड हाती लागला. लांबून बघणारा म्हणेल गप्पा मारतायत. ऑर दाखवून देतात की त्या गप्पा हेच काम होतं, ज्ञान त्या किस्स्यांमधून एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं. पुढे झेरॉक्समध्ये 'यूरेका' नावाची सिस्टीम आली, त्यात टेक्निशियननीच टिप्स लिहायच्या, दुसऱ्या टेक्निशियननी त्या तपासायच्या आणि टिपेवर लिहिणाऱ्याचं नाव राहायचं. तुमच्या ऑफिसातली विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची माहितीची पानं, कुणी उघडतही नसेल तर नवं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एवढं बघा की त्यात लिहिणाऱ्याला त्याचं श्रेय मिळतं का, आणि ते तपासणारा माणूस ते काम स्वतः करणारा आहे का.

नोनाका आणि ताकेउची यांचं 1995 चं 'द नॉलेज क्रिएटिंग कंपनी' तुम्हाला सगळेच सांगतील, मीही सांगते, पण त्यातली, हाताला कळलेलं आणि शब्दात मांडलेलं ज्ञान एकमेकांत कसं बदलतं ते दाखवणारी चार चौकटींची आकृती पाठ करण्यापेक्षा ब्रेडची गोष्ट नीट वाचा. मात्सुशिता या जपानी कंपनीला घरी ब्रेड करायचं मशीन बनवायचं होतं, ब्रेड काही केल्या नीट होईना, वरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. मग इकुको तानाका ही सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली कणीक मळायला शिकली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो ती नुसती ताणत नाही, ताणताना पीळही देतो. ते मशीनमध्ये कसं आणायचं यावर पुढे इंजिनियरांबरोबर खटपट झाली आणि आतल्या बाजूला खास कंगोरे बसवले गेले. आता लेखकांचं म्हणणं की हाताला कळलेलं असं शब्दात आणि यंत्रात उतरवता येतं. मला हे पूर्ण पटत नाही. तत्त्वज्ञ मायकल पोलान्यी यांनी 1966 मध्ये 'द टॅसिट डायमेन्शन'मध्ये म्हटलंय की आपल्याला सांगता येतं त्यापेक्षा जास्त कळत असतं, आणि ते वाचल्यावर वाटतं की मशीनमध्ये पीळ आला खरा, पण आजची कणीक जरा सैल आहे म्हणून हात आवरता घ्यायचा, हे त्या बेकरकडेच राहिलं. ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, एकट्या नोनाकांवर थांबू नका.

ग्रंथालयाच्या बाजूने येत असाल तर रंगनाथनना पर्याय नाही. गणिताचे प्राध्यापक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांचे पाच नियम पुस्तकरूपाने आले. परीक्षेसाठी घोकलेले असतात, पुस्तकं वापरासाठी आहेत, वाचकाचा वेळ वाचवा वगैरे, पण मूळ पुस्तक वाचलं की कळतं हा माणूस कपाटाची जागा, उघडण्याच्या वेळा, वाचकाशी बोलणं, सगळ्याचा हिशोब त्या एकेका नियमाला धरून मांडतो. 1933 च्या त्यांच्या कोलन क्लासिफिकेशन या पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या पद्धतीमध्ये विषयाला एका खणात कोंबायचं नाही, त्याचे पैलू सुटे करून हवे तसे जोडायचे, ही कल्पना आहे, आणि आज ऑनलाइन खरेदी करताना रंग, साइज, ब्रँड असे फिल्टर लावता त्यामागे हाच विचार आहे.

राहिला एआयचा प्रश्न. त्यासाठी मॅनिंग, राघवन आणि श्यूत्झे यांचं 2008 चं 'इंट्रोडक्शन टु इन्फर्मेशन रिट्रीव्हल' घ्या. त्यात शोध किती चांगला झाला याचं मोजमाप समजावलंय, ते आलंय 1960 च्या दशकातल्या, इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या प्रयोगांमधून, जिथे विमानशास्त्रावरच्या 1400 कागदपत्रांवर वेगवेगळ्या सूचीपद्धती ताडून बघितल्या आणि साधे सुटे शब्द आधीच ठरवून दिलेल्या विषयशब्दांच्या तोडीस तोड निघाले. दोन मापं महत्त्वाची: सापडलेल्यातलं कामाचं किती ते प्रिसिजन, आणि कामाचं जेवढं होतं त्यातलं सापडलं किती ते रिकॉल. पहिलं चुकलं तर निदान तुम्हाला दिसतं, समोर कचरा येतो. दुसरं चुकलेलं दिसतच नाही, कारण जे आलंच नाही ते कसं दिसणार, आणि एआय जेव्हा एकच गुळगुळीत उत्तर देतं तेव्हा ही न दिसणारी बाजू आणखी झाकली जाते. माझं म्हणणं असं की औषधोपचार, कायदा, पेटंट यातलं काही शोधणाऱ्याने तरी हे समजून घेतल्याशिवाय उत्तरावर विसंबू नये. पुस्तक नेटवर फुकट वाचायला मिळतं, लेखकांनीच ठेवलंय. गणिताची धास्ती असेल तर थेट आठवं प्रकरण उघडा, मोजमापाचं ते आहे, आणि बाकीची लागतील तशी वाचा.