सॅमसिलची फळी: शेलवरची उथळ चिकणमाती उभी करताना

यंदाच्या छेदाची (जमिनीचा वरपासून खडकापर्यंतचा उभा काप) आणि त्याच्या फळीची (तोच काप वाळवून, चिकटवून उभा जपलेला) प्रगती तुकड्यातुकड्यांनी टाकण्यापेक्षा एकदमच टाकतोय. ठिकाण पश्चिम साउथ डकोटा, चेयेन नदीच्या काठच्या तुटक, उघड्या टेकड्या. माती सॅमसिल मालिकेतली (मालिका म्हणजे सारख्या मातींना मिळून दिलेलं एक नाव). अमेरिकन वर्गीकरणात ही उस्टॉर्थेंट, म्हणजे बेताच्या पावसाच्या प्रदेशातली, थर फारसे न घडलेली माती. दख्खनच्या माळावरच्या बऱ्याचशा मुरमाड हलक्या जमिनीही याच मोठ्या गटात पडतात, पण साम्य तिथेच संपतं. हलकी जमीन म्हटलं की आपल्याला खडे आठवतात, पाणी धरून न ठेवणारी, पावसानं दडी मारली की पीक माना टाकणारी. ही उथळ आहे, पण अंगानं अगदीच भारी. वीतभर खोदलं तरी सगळी चिकण.

छेद घेतला तो एका रँचवरच्या गुरांच्या तळ्याच्या कापलेल्या काठावर, मालकांची परवानगी घेऊन. बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान इथून फार लांब नाही. तिथले पिवळे ढिगारे म्हणजे इथल्याच शेलची (चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा मऊ खडक), इथला जुना समुद्र हटल्यावर हवापाण्यानं झालेली आणि नंतर गाडली गेलेली प्राचीन माती. पण उद्यानातून खडाही उचलायला बंदी आहे, त्यामुळे तिथे फक्त बघायचं.

खालचा खडक पीअर शेल. मीक आणि हेडन यांनी १८६२ मध्ये मिसूरीकाठच्या फोर्ट पीअरवरून त्याला हे नाव दिलं. साधारण ८ ते ७ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेला समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहायला लागण्याआधीच हा बसून गेला होता. त्यात पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख मधूनमधून पडत राहिली आणि तिचं बेंटोनाइट, म्हणजे पाण्यानं फुगणारी चिकण, झालं. आपल्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट (भिजल्यावर फुगणारं, सुकल्यावर आक्रसणारं चिकणखनिज) बेसॉल्टमधली खनिजं विघटित होऊन तयार होतं, त्याला वेळ लागतो. इथे स्मेक्टाइट खडकातूनच आयतं आलेलं. भिजणं, सुकणं, गोठणं, वितळणं एवढ्यावर खडक सुटा होतो आणि माती म्हणून मिरवायला लागतो. म्हणूनच या मातीत थर असे फारसे घडलेलेच नाहीत.

मेअखेर

छेद साफ केला. पावसानंतर वाफसा म्हणावा अशी अवस्था जेमतेम दोन-तीन दिवस टिकते. त्याआधी फावड्याला गोळा चिकटतो आणि खरवडून काढावा लागतो, त्यानंतर कुदळ उडते. मालक याला ‘गम्बो’ म्हणतात, आणि पावसात त्यांच्या मातीच्या रस्त्यावर गाडी घालू नकोस हे त्यांनी परवानगी देतानाच बजावलं होतं.

वरचे ८-१० सेंमी करडे-तपकिरी, सुकल्यावर बारीक रवाळ. मातीचा रंग जुळवायच्या मन्सेल रंगपट्टीवर २.५ वाय ५/२ च्या आसपास. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की पृष्ठभागापासूनच फेस येतो, म्हणजे चुना धुऊन खाली गेलेला नाही. त्याखाली ऑलिव्ह झाक असलेली करडी चिकणमाती, तिच्यात शेलच्या चपट्या कपच्या. जसजसं खाली जावं तसतशा कपच्या वाढत जातात आणि माती कमी होते. पुढे नुसती शेल, आडव्या पापुद्र्यांची. भेगांत जिप्समचे चकचकीत स्फटिक आणि पिवळे डाग. शेलमधलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) हवा-पाण्यात गंजतं, त्यातून आम्ल होतं, ते चुन्याशी भिडतं आणि जिप्सम बनतं.

ओल्या मातीची दहा सेंमीची वळी करून सावलीत वाळवली. ती साडेआठच्याही खाली आली आणि वाकडी झाली. हा आकडा ध्यानात ठेवा, फळीच्या वेळी लागणार आहे.

माती संपते कुठे?

सगळा हंगाम मी या एकाच प्रश्नाभोवती घालवला. बेसॉल्टवर हे सोपं असतं: काळी, मग मुरूम, मग पहार ठणकन वाजते. इथे काहीच वाजत नाही. शेल मऊ आहे, ओली असेल तर सुरीनं कापता येते. मालिकेच्या अधिकृत वर्णनात सॅमसिलची खोली ५० सेंमीच्या आत, मऊ शेलपर्यंत, असं दिलेलं असतं. पण ती रेघ फळीवर नेमकी कुठे मारायची?

दोन गोष्टी कामी आल्या. पहिली पाण्याची. छेदातून थोड्या थोड्या अंतरावर कपच्या काढल्या, पूर्ण वाळवल्या आणि एकेक ग्लासात सोडल्या. २० सेंमीवरची कपची पाण्यात पडल्याबरोबर कडेनं बुडबुडे सोडायला लागली आणि चहात बुडवलेल्या खारीसारखे तिचे पदर सुटले. थोड्याच वेळात तळाशी नुसता चिखल, बोटाला खडा लागेना. ४५ सेंमीची कपची कडेला जराशी झडली, पण रात्रभर तशीच राहिली. सकाळी बोटानं दाबली तर कटकन दोन तुकडे झाले, आतली बाजू कोरडी वाटावी इतकी घट्ट. मधल्या कपच्यांचा निकाल मधलाच. शेलचा प्रत्येक पट्टा सारखं वागत नाही, बेंटोनाइटचा पट्टा आला तर तो खोलवरही विरघळल्यासारखा होतो, तेव्हा या एकाच परीक्षेवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट मुळांची, आणि माझ्या मते जास्त भरवशाची. वर वेस्टर्न व्हीटग्रासची आडवी खोडं आणि तंतुमुळं सगळीकडे पसरलेली. ३६ सेंमीच्या सुमाराला मुळं उभी जायची थांबतात आणि शेलच्या पदरांमधून आडवी शिरतात. एक पापुद्रा नखानं उचलला. खाली मुळांची जाळी होती, इतकी दाबलेली की मूळ गोल न राहता फितीसारखं चपटं झालेलं. त्याच्याखालच्या पापुद्र्यात मोजकीच मुळं, त्याखाली एखाददुसरं, तेही उभ्या चिरेतून आलेलं. ४३ सेंमीनंतर काही नाही. म्हणून मी रेघ न मारता ३६ ते ४३ असा पट्टाच धरला.

खोली वाढत का नाही, हेही त्या काठावर उभं राहिलं की दिसतं. वर्षाचा पाऊस ४०० मिमीच्या आसपास. पहिल्या सरीनं चिकण फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी उतारावरून धावतं. आत पाणी नाही म्हणून खाली शेल कुजत नाही, आणि वर झालेली माती वाहून जाते. तीव्र उताराला तर अख्खा तुकडा घसरतो. याच शेलवर बांधलेले रस्ते इथे लाटांसारखे वरखाली होतात. उतार सौम्य होतो तिथे याच शेलवरची माती जास्त खोल असते, तिथे पीअर मालिका लागते, रुंद भेगांची, आपल्या काळीच्या जवळची. वेब सॉइल सर्व्हेच्या (अमेरिकन सरकारचा ऑनलाइन मातीनकाशा) नकाशात ही दोन नावं बहुधा जोडीनंच भेटतात. नांगरट जवळपास नाही. साइडओट्स ग्रामा, लिटल ब्लूस्टेम, ग्रीन नीडलग्रास आणि गुरं, एवढंच या उतारांवर निभतं.

जुलै ते सप्टेंबर: फळी

वाळूच्या छेदाला लाखेचा पातळ थर मारून कापडावर सोलून घेता येतं. चिकणीला ते जमत नाही, द्रव आत मुरतच नाही. म्हणून अख्खा खांब कापून लाकडी खोक्यात घेतला: ६० सेंमी उंच, १५ रुंद, जाडी ६. शेलचा भाग कापताना करवत चालवू नका, पापुद्रे उडतात. जुनी सुरी आणि संयम, बस.

आता वळीचा तो आकडा. १५ सेंमी रुंदीची माती सुकल्यावर दोनेक सेंमी आक्रसणार, म्हणजे एकतर कडेनं सुटणार नाहीतर मधून तडकणार. मी खोकं ओल्या गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या थंड कोपऱ्यात ठेवलं, गोणपाट हळूहळू कोरडं होऊ दिलं. वरच्या ३० सेंमीत भेगा पडल्याच, पण मोजक्या आणि उभ्या, जशा ऑगस्टमध्ये रानात पडतात. त्या बुजवायच्या नाहीत असं ठरवलंय. भेग नसलेला स्मेक्टाइटचा छेद मला तरी खोटा वाटतो. पाठीमागून घट्ट फेविकॉल आणि सुती कापड. पुढून पाणी घालून पातळ केलेलं फेविकॉल, तेही पाण्याचा अंश जपून, कारण जास्त झालं की पृष्ठभाग पुन्हा फुगतो आणि कपच्या ग्लासातल्यासारख्या सुटायला लागतात. शेलच्या भागाला पाणी अजिबात नको, तिथे अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं रेझिन ब्रशनं, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. जिप्समचे स्फटिक झाकून घ्या, रेझिननं त्यांची चमक मरते.

खालचे दोन पापुद्रे अजून हलतात, त्यांना आणखी एक हात द्यायचाय. वसंतात वाफसा सापडला तर त्याच उताराच्या पायथ्याशी पीअरचा छेद घेणार आहे, मीटरभराचा. विदर्भात कुणी खोल काळीचा एवढा उंच खांब न तुटता वाळवला असेल, तर गोणपाट किती दिवस ओलं ठेवलंत ते जरूर सांगा.