खडवलीचा रविवार

ठाण्यातली आमची बॅप्टिस्ट मंडळी लहान होती आणि तिला स्वतःची इमारत नव्हती. नौपाड्यातल्या एका शाळेचे सभागृह रविवारी सकाळपुरते भाड्याने मिळत असे; बाके सरकवली तर पुन्हा जागच्या जागी लावायची आणि फळ्यावरचे गणित कुणी पुसायचे नाही, एवढ्या अटी होत्या. पत्ता सांगणे मात्र कठीण. ठाण्यात बॅप्टिस्ट चर्च म्हटले की रिक्षावाले हमखास तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी सोडत. ते कॅथलिक चर्च, आणि नावातला बॅप्टिस्ट म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. एका वर्षी बाहेरगावाहून बोलावलेले वक्ते तिथे तासभर आमची वाट पाहत बसले होते आणि आम्ही इकडे शाळेच्या फाटकाशी त्यांची.

वर्धापनदिन मात्र खडवलीला. आमच्यात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होत नाही. समज आलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि मग पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा, अशी रीत. शाळेच्या सभागृहात ते होणे शक्य नव्हते, म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी पातेली, सतरंज्या आणि पेटी घेऊन सगळी मंडळी सकाळच्या लोकलने निघे आणि खडवलीला उतरून भातसेच्या काठी जाई.

काठावर आधी चिटणीसकाकांची वही उघडे. मंडळीचा इतिहास ते दरवर्षी पहिल्या पानापासून वाचत आणि पहिले पान १७९३ सालचे असे, कारण त्या वर्षी विल्यम कॅरी हे इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी बंगालमध्ये उतरले. ठाण्याशी त्याचा काय संबंध, हे आम्हा मुलांना कळत नसे. पण १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८११ चा मराठी नवा करार ही बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, कॅरींच्या मिशनची कामे आणि त्यांमागे वैजनाथ पंडितांची मदत, हे वाचताना काकांचा आवाज असा काही भरून येई, की छापखाना जणू त्यांच्याच घरचा. १८०० सालच्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला, या वाक्यापाशी ते थांबत आणि भातसेकडे बघत. तेवढ्यात आमच्यातले तेलुगू आजोबा मागून म्हणत, ‘‘ओंगोलचंही वाचा!’’ दुष्काळानंतर, ३ जुलै १८७८ रोजी, आंध्रातल्या ओंगोलच्या बॅप्टिस्ट मिशनने एका दिवसात २,२२२ जणांना बाप्तिस्मा दिला होता. आजोबांचे पूर्वज त्याच भागातले. काका तो आकडा वाचत, पण थोड्या घाईने. आमचा वर्षाचा आकडा तीन-चारच्या वर क्वचित जाई.

माझ्या वर्षी आम्ही चौघे होतो. पांढरा झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून पाळकांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या मावशींनी, त्याच्या घेरात हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर शिवले होते. काठावरून नदीत उतरताना ते पायांवर आपटून किणकिणत होते आणि त्या गंभीर क्षणी मला हसू आवरत नव्हते. पाळकांनी प्रश्न विचारला, मी ‘होय’ म्हटले, आणि पुढच्या क्षणी कानांत फक्त पाणी. बाहेर आल्यावर मावशींनी टॉवेल देण्याआधी घेर चाचपून वॉशर मोजले, कारण झगा पुढच्या वर्षीही लागणार होता.

मग प्रीतिभोजन. मटणाचा रस्सा, भात आणि तेलुगू घरांतून आलेले अंबाडीचे लोणचे. ते इतके तिखट असे, की पोरांना पैज लावून खायला घालत.

जेवणानंतर सभा झाली. बॅप्टिस्ट मंडळीत मोठे निर्णय पाळक एकटे घेत नाहीत. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक सभासदाला एक मत. त्या दुपारी विषय होता, म्हाताऱ्यांना लोकलची दगदग झेपत नाही, तेव्हा पुढच्या वर्षीपासून ठाण्यातच पाण्याची मोठी टाकी आणून बाप्तिस्मा करावा का. केस ओले असतानाच माझे पहिले मत पडले. टाकीच्या बाजूने बरेच हात वर झाले, सर्वांत आधी तेलुगू आजोबांचा.

ती वही आता माझ्याकडे असते. त्या वर्षीच्या परिच्छेदात चिटणीसकाकांनी लिहिले आहे: ‘टाकीचा ठराव बहुमताने मंजूर. विरोधात चार मते, चौघेही आजच बाप्तिस्मा घेतलेले.’