खुर्च्यांची आगोट

१० मे, रविवार

आज सासूबाईंनी माळ्यावरच्या चिनी मातीच्या बरण्या खाली काढायला लावल्या. म्हणजे आगोट सुरू झाली. आमच्या अलिबागजवळच्या नागावात, आणि एकूणच अष्टागरात, म्हणजे इथल्या किनाऱ्यावरच्या गावांत, पावसाआधीच्या बेगमीला हाच शब्द. मिरच्या, हळद, आमसुलं, सांडगे, जळाऊ लाकडं, सगळं मृगाच्या आत घरात यायला हवं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे सुके बोंबील आणि जवलासुद्धा, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, याच दिवसांत भरून ठेवायचा.

माझी आगोट वेगळी. वाडीत राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्विमिंग पूल बांधला त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि त्याच्या काठावरचं सामान पावसाआधी धुऊन, सुकवून, आत ठेवणं हे माझ्याकडे आलेलं काम. पाहुणे उठायच्या आत आज सगळं मोजून आले. सहा लांब आरामखुर्च्या, ॲल्युमिनियमच्या, जाळीच्या. आठ प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन मोठ्या छत्र्या. वेतासारखा दिसणारा पण प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेला एक झोपाळा. बारा गाद्या. आणि सागवानी बाकं दोन.

हे म्हणाले, "अजून दोन शनिवार-रविवार फुल आहेत, आताच कशाला काढतेस?" म्हटलं, गेल्या वर्षीचं आठवा.

गेल्या वर्षी, २०२५ साली, मीही असंच म्हटलं होतं. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून. आमच्या घरात तर ७ जूनच्या मृगावर सगळ्यांचा भरवसा. आणि २६ मेला पाऊस मुंबईत येऊन दाखल झाला, सोळा दिवस आधी. इतक्या लवकर आल्याची त्याआधीची नोंद २९ मेची होती. आमच्याकडे तर त्याच्याही चार-पाच दिवस आधीपासून कोसळत होता. रात्री बॅटरीच्या उजेडात ओल्या गाद्या, ओल्या खुर्च्या, जे हाताला लागेल ते पंपाच्या खोलीत कोंबलं आणि दार ओढून घेतलं. नवरात्रात दार उघडलं तेव्हा आतून जो वास आला तो मी विसरू शकत नाही. पाच गाद्या आतपर्यंत काळ्या पडल्या होत्या. त्या दिवशी मला रडू आलं. पैशाचं होतंच, पण त्या गाद्यांचे अभ्रे मी स्वतः शिवले होते, पहिल्या वर्षीच्या कमाईतून कापड आणून.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, ओलं ठेवलं की गेलं. मग जवला असो की गादी."

१३ मे, बुधवार

पाहुणे नव्हते. सकाळी सहाला सुरुवात केली. कामाला येणाऱ्या मावशी आणि मी, दोघीच.

आधी आरामखुर्च्या. जाळीवर सहा महिन्यांचं सगळं बसलेलं असतं: घाम, तेल, सनस्क्रीन, खारं वारं. समुद्र आमच्या वाडीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. त्याचं मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण ओलं बोट फिरवून जिभेला लावलं तर कळतं. हे मीठच खरं वैरी. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ना, तसंच. खुर्चीवर मीठ राहिलं तर ती आत ठेवूनही कोरडी राहत नाही, दमट हवेत आपोआप ओलावते. म्हणून साबणाच्याही आधी नुसत्या गोड्या पाण्याने खंगाळायचं, दोनदा. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, आणि जाळीवर फेस दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्यायचा. लगेच घासायला घेतलं तर हात दुखतात आणि मळ तिथेच राहतो.

मग खुर्ची उलटी केली. पायांना खाली रबरी टोप्या असतात, त्या मी आजवर कधी काढल्या नव्हत्या. यंदा काढल्या. पहिल्या पायातून वाटीभर काळपट पाणी भळकन बाहेर आलं, त्यामागून वाळू, त्यामागून मेलेली गोम. म्हणजे हे पाणी सबंध हंगामभर त्या नळीत उभं होतं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही हे खरं, पण आतून पांढरी भुकटी धरतं आणि त्याला बारीक भोकं पडतात. सहा खुर्च्यांचे चोवीस पाय, त्यातल्या नऊ पायांत पाणी होतं. दोन नळ्यांची तोंडं कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेली. सळईने मोकळी केली. मातीच्या खोलीत तिने साठवलेले कोळी होते, तिच्या पिल्लांची बेगमी. तिचीही आगोट म्हणायची.

स्क्रू बघितले. साधे लोखंडी स्क्रू जिथे बसवलेत तिथे भोवतालचं ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, की त्यातला एक झिजतो, इथे ॲल्युमिनियम. दुकानदाराने घेताना हे सांगायला हवं होतं. यंदा सगळे काढून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घातले आणि आटे फिरवण्याआधी व्हॅसलिनचं बोट लावलं. प्रत्येक खुर्चीचे जास्तीचे भाग वेगळ्या पिशवीत, आणि पिशवी त्याच खुर्चीला बांधली. एका डब्यात सगळं एकत्र ठेवलं की ऑक्टोबरात कशाचं काय ते कळत नाही.

प्लास्टिकच्या खुर्च्यांना फार वेळ दिला नाही. तळहात फिरवला, हाताला पांढरी पावडर लागली ती ऊन खाऊन पिठूळ झालेली. अशा दोन निघाल्या. पाठीवर दाबल्यावर बारीक कुरकुर करतात. पाहुण्याला त्यावर बसवणार नाही. दोन्ही बाद.

१४ मे, गुरुवार

डागांचा दिवस.

तीन अभ्र्यांवर नारिंगी-तांबूस डाग. दोन वर्षांपूर्वी असे डाग दिसले तेव्हा मी ब्लीच ओतलं होतं आणि ते आणखी गडद झाले. मग कळलं की सनस्क्रीनमधलं एक द्रव्य आमच्या बोअरिंगच्या पाण्यातल्या लोहाशी मिळतं आणि त्याचा गंजासारखा रंग पडतो. गंजाला आंबट लागतं. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून डागावर लावलं, सावलीत अर्धा तास ठेवलं, मग रिठ्याच्या पाण्यात धुतलं. दोन अभ्रे साफ निघाले, तिसऱ्यावर पुसट सावली राहिली आहे. राहू दे.

लेक मदतीला आली होती. तिने उत्साहाने ब्लीचची बाटली आणि व्हिनेगर एकाच बादलीपाशी नेलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. ब्लीचमध्ये आंबट काहीही गेलं, व्हिनेगर, लिंबू, फरशीचं ॲसिड, की विषारी क्लोरीन वायू सुटतो. तिला बाजूला बसवून नीट समजावलं. पूल असलेल्या घरात हे सगळ्यांना पाठ हवं, अगदी लहान पोरांनासुद्धा.

त्यावरूनच पंपाची खोली. तिथे पुलाच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि ॲसिडचा कॅन असतो. डब्यांची झाकणं कितीही घट्ट लावली तरी त्यांची वाफ त्या बंद खोलीत फिरतच असते. गेल्या वर्षी तिथे ठेवलेल्या झोपाळ्याच्या लोखंडी चौकटीवर विणीच्या आतून गंज आला तो याचमुळे. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळा दोष पावसाला देत होते. आता धातूची एकही वस्तू त्या खोलीत जाणार नाही.

मग ठेवायचं कुठे? सासूबाई म्हणाल्या, "गोठा आहे की."

गोठा रिकामा होऊन अकरा वर्षं झाली. शेवटची गाय गेली तेव्हापासून तिथे फक्त नारळाचे झाप आणि शिड्या असतात. पण बांधणाऱ्याने काय हिशेबाने बांधलाय! समुद्राकडची भिंत पूर्ण बंद, मागच्या दोन्ही बाजूंना वरती जाळीदार झरोके, जमीन एका बाजूला उतरती. पावसाची झड आत येत नाही आणि वारा मात्र खेळता. गुरांना जे लागायचं तेच या सामानालाही लागतं.

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना लागला. सासूबाई जावयाच्या वाणाच्या विचारात.

मी बाकांपाशी. ही दोन बाकं म्हणजे आमच्या सासऱ्यांनी लावलेला साग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात तो आडवा झाला. त्या दिवशी वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडताना आम्ही खिडकीतून बघत होतो. मामंजी काहीच बोलले नाहीत. पुलाकाठच्या प्लास्टिकच्या खुर्च्या उडून शेजारच्या वाडीत जाऊन पडल्या होत्या, एक छत्री तर पुन्हा दिसलीच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सुताराला बोलावून त्या सागाची बाकं करून घेतली, आणि संध्याकाळी स्वतः तिथे जाऊन बसायचे. आता ते नाहीत.

लाकूड करडं, चंदेरी झालंय. पाहुणे विचारतात, खराब झालं का? नाही. उन्हापावसाने सागाचा वरचा थर तसा होतो, आत लाकूड टणक असतं. नखाने दाबून बघावं. नख रुतलं तर काळजी. प्रेशरच्या फवाऱ्याने मात्र सागवान कधी धुऊ नये, मऊ रेषा खरवडून निघतात आणि लाकूड झाडूसारखं होतं. मी स्पंजने, रेषांच्या दिशेने धुतलं. काथ्याची घासणी फक्त पायांच्या तळाला, जिथे शेवाळ धरलं होतं.

तेल लावायचं का, हा दरवर्षीचा वाद. हे म्हणतात लावूया, चकाकी येईल. माझं ठाम मत, पावसाआधी अळशीचं तेल नको. आमच्या दमट हवेत बुरशीला ते खाद्यच. तेल दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. आणि तेव्हाही तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि तसला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवायच्या.

बाक पुसताना पाठीच्या डाव्या कडेला हात थांबला. तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, बाकी कुठेच नाही इतकं. मामंजी तिथे हात टाकून बसायचे.

२१ मे, गुरुवार

गाद्या. बाकी सगळं एका बाजूला आणि गाद्या एका बाजूला.

अभ्रा दोन तासांत सुकतो. आतला फोम वरून कोरडा लागतो आणि पोटात पाणी धरून असतो, हेच फसवं. चार दिवस अंगणात बाजेवर उभ्या करून ठेवल्या, दर दोन तासांनी फिरवत. आडव्या ठेवल्या तर पाणी खालच्या कडेला उतरून तिथेच बसतं. संध्याकाळी पाचच्या आत घरात घ्यायच्या, कारण दव नसलं तरी समुद्राकडून येणारी हवा ओली असते.

सुकली की नाही हे कळायला मी यंदा एक युक्ती काढली. रात्री दोन गाद्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, वर पाटा. सकाळी कागद हातात घ्यायचा. कुरकुरीत वाजला तर गादी सुकली. मऊ पडला तर अजून एक दिवस. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जवल्याचंही तेच. मुठीत घेऊन कानाशी वाजवायचा."

मावशींनी एक गादी उचलून गालाला लावली. "वयनी, ही अजून वली हाय." कागद बघितला, खरंच मऊ होता.

खुर्च्या आज गोठ्यात लागल्या. खाली जांभ्याचे चिरे, त्यावर फळ्या, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही आणि वाळवीही लगेच दिसते. आरामखुर्च्या उभ्या, पायांच्या टोप्या काढलेल्या, नळ्यांची तोंडं खाली. भिंतीपासून वीतभर अंतर. छत्र्यांची कापडं दोन दिवस उघडी वाळवून मग मिटली. प्लास्टिकचा कागद कशावरही गुंडाळला नाही; आतला दमट श्वास बाहेर पडू देत नाही तो. जुन्या सुती चादरी टाकल्या. बाकं मात्र गोठ्यात नेली नाहीत. पडवीत ठेवली. मला ती दिसायला हवीत.

पुलाकाठी आता चार प्लास्टिकच्या खुर्च्या, शेवटच्या पाहुण्यांसाठी. दोन-चार दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गेटवे-मांडव्याच्या लाँचही पावसाळ्यापुरत्या बंद होतील. गाड्या आणणारी रो-रो बोट चालू राहते, पण गर्दी ओसरते.

२५ मे, सोमवार

रोहिणी लागलं. दुपारपासून मळभ, हवा एकदम कोंदली.

दहापैकी आठ गाद्या माळ्यावर गेल्या. बाराच्या दहा झाल्या, दोनांचा फोम आतून गेलेला निघाला. स्वयंपाकघरावरचा माळा सासूबाईंनी स्वतःहून दिला. खाली आंघोळीच्या पाण्याची चूल पेटते, तिची ऊब चार महिने वर पोचते. एरवी त्या माळ्यावर त्यांच्या बरण्यांशिवाय काही चढत नाही. गाद्या गुंडाळायला त्यांनी आपली दोन जुनी लुगडी काढून दिली, मऊ, धुऊन धुऊन विरलेली. मध्ये कडुलिंबाचा सुकलेला पाला घातला, उंदरांसाठी पिंजरा लावला.

उरलेल्या दोन गाद्यांचा कागद सकाळीही मऊच होता. हे म्हणाले, चल, ठेवून टाक आता, पाऊस कधीही येईल. मी ठेवल्या नाहीत. चुलीच्या बाजूला भिंतीला टेकवून उभ्या केल्यात, कागद बदलला, आणि रात्री बाराला एकदा फिरवण्यासाठी मोबाइलवर गजर लावलाय. बाहेर वीज चमकते आहे. सासूबाई अजून जाग्या आहेत, निखारे पुढे ओढताहेत.