बधिर बोटं

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या केमो डे-केअरमध्ये बीड, जालना, परभणीकडचे पेशंट रात्रीची एसटी धरून येतात. आधी रक्त तपासायचं, पेशी पुरेशा असल्या तरच औषध. नाहीतर तसंच माघारी.

त्या दिवशीच्या ताई बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीच्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. दर २१ दिवसांनी सलाईनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन आणि घरी १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. आजार मुळासकट जाणार नाही, आवरून धरायचा, हे डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

रिपोर्ट चांगला होता. सहीसाठी पेन दिलं, ते बोटांतून निसटलं. उचलायला गेल्या, पुन्हा निसटलं.

"ताई, ब्लाउजचे हुक कोण लावून देतं?"

त्या गप्प. लेक म्हणाली, "मीच लावायले की. कधीचीच."

"मग सांगितलं कामून नाही?"

"सांगितलं की औषध बंद करत्यात म्हणं. मग माझ्याजवळ काय राहिलं?"

सलाईनमधल्या औषधानं सुरुवातीचे काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात, म्हणून वैशाखातही माठाचं पाणी वर्ज्य. ते ओसरतं. पण पुढच्या केमोपर्यंत बधिरपणा टिकायला लागला, तर नसांवरचा मार साठत चाललेला असतो. डॉक्टरांनी नाणं उचलायला लावलं, चालवून पाहिलं. स्कॅनमध्ये लिव्हरमधल्या गाठी आटोक्यात होत्या. सलाईन थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवायचं ठरलं.

ताई रडायला लागल्या. "म्हंजी सोडून दिलं का मला?"

मी बाकीची कामं बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसले. उपचार थांबलेला नाही, हात वाचवायचेत, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मग घरची तयारी: गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. तळहात-तळपाय सोलायला लागले किंवा जुलाब वाढले तर गोळी थांबवून फोन. अनवाणी फिरायचं नाही, चुलीजवळ जपून. ताप १००.४ झाला तर सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना. उसाच्या टनांचे आकडे तोंडपाठ असलेल्या ताईंनी थर्मामीटर लगेच वाचून दाखवला.

त्यांचे मालक इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. "दिवाळीच्या आसपास टोळी निघंल. मुकादम आत्ताच उचल द्यायला तयार हाय. घेऊ का?"

उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि तो कुठल्याच केसपेपरवर नसतो. डॉक्टर स्पष्ट बोलले: औषध थांबल्यावरही बधिरपणा काही काळ वाढू शकतो, उतरायला महिने जातात, कधी पुरता उतरतही नाही. यांच्या हातात कोयता द्यायचा नाही. जोडीची उचल घेऊ नका.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्धा कोयता म्हणून माझं एकट्याचं नाव देतो."

"आन् माझ्या गोळ्या कोण आणंल?" ताईंनी विचारलं. लेकीनं माझ्या हातातली फाईल घेतली आणि पुढची तारीख विचारून लिहून घेतली.