धागा डाव्या हाती

यंदा आंब्याच्या पेट्या भरून संपल्या आणि माझं उजवं मनगट धरलं. जूनमध्ये विणायच्या सुया हातात घेतल्या, तर दहा टाक्यांतच ठणका सुरू. पुतणीला दिवाळीच्या सुमारास बाळ व्हायचंय. ती नाशिकची, तिथे थंडी पडते. आमच्या देवगडात लोकरीचं टोपडं म्हणजे पोराला उकडून काढणं!

थोरल्या जाऊबाई पडवीत बसून बघत होत्या. त्या फक्त क्रोशाचं विणतात. म्हणाल्या, "अगो, टाक्या-टाक्याक हात कित्याक फिरवतंस?"

खरंच की. शाळेत शिकवलं तसं मी लोकर उजव्या हातात धरून दर टाक्याला सुईवरून फिरवते. क्रोशात धागा डाव्या तर्जनीवर ताणलेला असतो, सुई तो नुसता ओढून घेते. जर्मनीकडे दोन सुयांवरही असंच विणतात, हे मला माहीत होतं. करून बघायची गरज पडली नव्हती.

सुलट टाका दोन संध्याकाळीत बसला. उलट टाक्याने मात्र रडवलं. धागा पुढे घेतला की बोटावरून सुटायचा. मग मी शक्कल काढली: सुईच्या टोकाने धागा खालून उचलायचा. भराभर ओळी झाल्या. चार बोटं विणून उजेडात धरलं, तर एकाआड एक ओळ पिळलेली!

सुईवरच्या टाक्याला दोन पाय, म्हणजे फासाच्या दोन बाजू. एरवी उजवा पाय सुईच्या पुढे असतो. मी धागा उलट्या अंगाने घेतल्यामुळे तो मागे गेला होता, आणि मी सवयीने पुढच्याच पायात सुई घालत होते. सगळं उसवलं. आता उलट टाका माझ्याच सोप्या रीतीने घालते आणि पुढच्या सुलट ओळीत सुई मागच्या पायात घालते. पीळ गेला.

वीण जरा सैल येते, म्हणून १० नंबरऐवजी ११च्या सुया घेतल्या. (आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक.) झडीच्या दिवसांत दमट बोटावर लोकर सरकत नाही, तेव्हा धागा ताणून धरायला करंगळीला दिलेला वेढा सोडून देते.

उजव्या हाताने सुरू केलेला ह्यांचा स्वेटर पिशवीत अर्धाच पडलाय. मध्येच हात बदलला तर पाठीवर पट्टा दिसेल. मनगट बरं होईपर्यंत तो तिथेच राहील. तसाही इथे तो घालायचाय कधी?