एक सूत मोकळं

रविवार, रात्री साडेदहा

आज गाडीतले खण पूर्ण झाले. नखांच्या कडेला फेविकॉलचे पापुद्रे अजून चिकटलेत, ते काढायचा कंटाळा आलाय. पाच रविवार गेले या कामात.

हे सगळं सुरू झालं गेल्या डिसेंबरात, सांदण दरीजवळच्या साम्रदला मुक्कामाला गेलो तेव्हा. रतनवाडीवरून धक्के खात पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. थंडी मी म्हणत होती, धाकटी भुकेने रडत होती आणि हेडटॉर्च कुठल्या सॅकमध्ये आहे ते आम्हा दोघांनाही आठवेना. मोबाइलच्या उजेडात एकेक पिशवी दवाने भिजलेल्या गवतावर काढत गेलो. शेगडी सापडली, लायटर नाही. चहा व्हायला पाऊण तास लागला. ही म्हणाली, "घरी स्वयंपाकघरात मी डोळे मिटून साखरेचा डबा काढते. इथे का नाही जमत?" तेव्हाच ठरवलं, अंधारात पहिली दहा मिनिटं ज्याने सुखाची जातील तेच करायचं.

गाडी आमची जुनी फोर बाय फोर स्कॉर्पिओ, मागे समोरासमोरच्या बाकांची. ते बाक काढून टाकायचा मोह फार होता. पण आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टींत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि त्या नोंदीत आसनसंख्याही येते. म्हणून बाक दुमडून तसेच ठेवले. खणांचा खोका मधल्या जागेत बसवायचा, तोही चार पट्टे सोडले की दोघांना उचलून बाहेर काढता येईल असा.

पहिला रविवार फुकट गेला. आतली रुंदी मोजली, पण मागच्या दाराची चौकट खाली निमुळती होते हे ध्यानात आलं नाही. नशीब, प्लाय कापण्याआधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना करून पाहिला होता. तो दारातच अडकला. पुठ्ठ्यावर ब्लेड चालवून दोन इंच कमी केले. हे काम करणाऱ्याने पुठ्ठ्याची पायरी कधीच गाळू नये.

प्लाय मरीन घेतला. सांगाडा १८ मिलिमीटरचा करणार होतो, पण आठ बाय चारची एक शीट उचलली आणि विचार बदलला. पस्तीस किलोच्या आसपास वजन! मग फक्त वरची फळी १८ ची ठेवली, कारण तिच्यावर झोपायचंही आहे. बाकी सगळं १२ मध्ये.

चॅनेलनं खरा घाम काढला. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे खण ज्यावर सरकतो ती लोखंडी पट्टी, एका बाजूला अर्धा इंच जागा खातं, म्हणून खण मोकळ्या जागेपेक्षा बरोबर एक इंच अरुंद केला. बसवला तर अर्ध्यात रुतला. गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या लावला, खणाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माप बरोबर आहे दादा, पण लाकूड पावसात फुगणार, गाडी खड्ड्यात पिळणार. एक सूत मोकळं सोडायचं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग काकांनी रंधा मागितला आणि कडेवरून पातळ, गोल वळलेल्या साली काढत गेले. पाचव्या-सहाव्या हाताला खण एका बोटानं आत सरकला. तो आवाज, लोण्यातून सुरी जावी तसा, मी परत परत ऐकला.

काल दिवे घाटात चाचणी घेतली. चढावर गाडी उभी करून मागचं दार उघडलं आणि भांड्यांनी भरलेला खण सुसाट बाहेर येऊन नडगीवर आदळला. चांगलंच काळंनिळं झालंय. समोर धाकटी असती तर, हा विचार रात्रभर गेला नाही. आज सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक खणाला टॉवर बोल्ट, म्हणजे सरकती कडी. खोकाही गाडीच्या तळाच्या कड्यांना रॅचेट पट्ट्यांनी आवळला. भरलेला खोका सत्तर किलोच्या वर जातो. करकचून ब्रेक लागला तर तो पुढच्या सीटवरच येईल.

पाच किलोचा सिलिंडर मात्र खणात ठेवणार नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बंद खणाच्या तळाशी साचून राहतो. तो बाहेर, उभा, पट्ट्याने बांधलेला.

उजव्या खणात गाडी ओढायचा टो-पट्टा, हवेचा पंप, फावडं, पाने. चिखलात रुतल्यावर हे काढायला स्वयंपाक उपसावा लागू नये. डाव्यात स्वयंपाक, आणि त्याच्या अगदी तोंडाशी हेडटॉर्च, लायटर, चहा-साखर.

मघाशी पार्किंगमधले दिवे मालवून हिला म्हटलं, काढ बघू लायटर. बोल्टचा आवाज, खण सरकल्याचा आवाज, आणि लगेच ठिणगी.