उत्तर सांगायचं नाही

पहिल्या गुरुवारी मी उत्तर मोठ्याने बोलून टाकलं आणि टेबलाभोवतीची सहाही माणसं गप्प झाली. कुणी रागावलं नाही. समोरच्या आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान. आता सांग, का?"

मला का ते सांगता येईना. उत्तर बरोबर होतं, घरांत अक्षरं चपखल बसत होती, आणखी काय हवं? पण मी कारण सांगेपर्यंत त्यांनी तो शब्द लिहूनच घेतला नाही.

लीड्समध्ये आमच्या घराजवळच्या वाचनालयात ही मंडळी दर गुरुवारी क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवायला जमतात. आपल्या रविवारच्या शब्दकोड्यात 'कमळ, तीन अक्षरी' असं सरळ विचारलेलं असतं. इथे तसं नसतं. शोधसूत्राच्या एका टोकाला व्याख्या असते, उरलेल्या शब्दांत तेच उत्तर दुसऱ्या वाटेने दडवलेलं असतं आणि अख्खं वाक्य तुम्हाला तिसरीकडेच नेतं. 'फ्लॉवर' दिसलं की फूल डोळ्यांपुढे येतं, पण ती निघते नदी, कारण ती फ्लो होते. एकदा सूत्र म्हणून नुसती अक्षरं होती: एच आय जे के एल एम एन ओ. उत्तर पाच अक्षरी. एच टू ओ, म्हणजे वॉटर! ते सुटलं तेव्हा मी भर वाचनालयात टाळी वाजवली होती.

तर नियम असा, की सुटलं तरी उत्तर सांगायचं नाही. "माझं झालं" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. शेजारचा अडला तर त्याला बोट धरून थोडंसं पुढे न्यायचं: "व्याख्या शेवटी आहे", "तिसरा शब्द पुन्हा वाच". बस. मला पहिले दोन महिने हा नियम अक्षरशः जाचला. आपण 'बाई मी, बाई मी' करत वाढलेली माणसं. ज्याला आधी आलं त्याने आधी सांगावं, हेच आपलं शिक्षण. आणि खरं सांगू, मला त्यात आजही काही वाईट दिसत नाही. आमच्या घरी बाबा शब्दकोडं घेऊन बसायचे आणि आई आतून ओरडून उत्तरं सांगायची. त्यात बाबांचा आनंद हिरावला जातोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. दोघांचं मिळून एक कोडं सुटायचं. इथे सहा जण एका टेबलाशी बसून सहा कोडी सोडवतात, असं मी नवऱ्याला तावातावाने सांगितलंही होतं.

मग एकदा माझ्याच बाबतीत ते घडलं. अक्षरांची उलटापालट करायची असली की ही मंडळी ती ओळीत लिहित नाहीत, गोलात लिहितात, म्हणजे मूळ शब्द डोळ्यांपुढून पुसला जातो. शेजारच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी मला नऊ अक्षरांचा असा एक गोल काढून दिला आणि त्या गप्प बसून राहिल्या. त्यांचं उत्तर केव्हाच झालं होतं. मला जवळजवळ पंधरा मिनिटं लागली. शब्द दिसला आणि मी वर पाहिलं, तर त्या माझ्या कागदाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो क्षण त्यांना बघायचा होता. उत्तर आधीच सांगून टाकलं असतं तर आम्ही दोघीही त्याला मुकलो असतो.

त्याच बाईंकडून मला अराउकारियांची गोष्ट कळली. हे 'गार्डियन'मध्ये कोडी रचणारे जॉन ग्रॅहम, मूळचे धर्मगुरू. अराउकारिया हे एका झाडाचं नाव, त्यालाच चिली पाईन म्हणतात. दुसऱ्या एका वृत्तपत्रात ते सिनेफाइल या नावाने रचायचे, आणि इंग्रजीत सिनेफाइलची अक्षरं हलवली की चिली पाईन मिळतं! 2013च्या जानेवारीत, 91व्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या माथ्यावर एक ओळ लिहिली: अराउकारियांना 19चा 18 झाला आहे आणि त्यावर 13 15 हे उपचार चालू आहेत. हे आकडे म्हणजे त्याच कोड्यातली सूत्रं. लोकांनी नेहमीसारखी पेन्सिल घेतली, एकेक घर भरलं आणि शब्द उमटले: कॅन्सर, अन्ननलिका, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास हलका करणारे उपचार. आपल्या आजाराची बातमीही त्यांनी उत्तर म्हणून हातात ठेवली नाही, वाचकांना तिच्यापर्यंत पोचू दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. बाई हे सांगत होत्या तेव्हा टेबलावर कुणाची पेन्सिल हलत नव्हती.

पण सगळंच मला गोड लागतं असं नाही. क्रिकेटवाल्या सूत्रांत मला कुणी हरवू शकत नाही. डक म्हणजे शून्य, म्हणजे 'ओ'. मेडन म्हणजे 'एम'. लेग म्हणजे 'ऑन'. हे मला झोपेतून उठवून विचारा. मला खटकतं ते 'इंडियन'. इंडियन लोणी म्हणजे घी, इंडियन पोशाख म्हणजे सारी, इंडियन बाईसाहेब म्हणजे रानी. तीन-चार अक्षरांचे, स्वरांनी भरलेले शब्द, कोड्याचा एखादा अडलेला कोपरा भरायला सोयीचे. एके दिवशी 'इंडियन नर्स' आलं आणि सगळ्यांनी क्षणात लिहिलं: आया. मी नाही लिहिलं. माझी मावशी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. सिस्टर वेगळी आणि आयाबाई वेगळी, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. दोघींचं काम मोलाचं, पण एकीला दुसरीच्या नावाने हाक मारून चालत नाही. आजोबांनी समजावलं, इथे नर्स म्हणजे मूल सांभाळणारी दाई, शब्दकोशात तसंच आहे. ते मला माहीत होतं. आया हा शब्द मुळात पोर्तुगीज आहे, हेही माहीत होतं. तरी मी म्हटलं, की तुमच्या शब्दकोशात आमची जी माणसं आहेत ती सगळी तुमच्या बंगल्यात कामाला होती. कुणी वाद घातला नाही. आजोबांनी तेवढं माझ्या कागदावरचं ते घर रिकामं राहू दिलं आणि पुढचं सूत्र वाचलं.

आणि गेल्या गुरुवारी हे सूत्र आलं: 'ओल्ड मनी, गोइंग टु अँड फ्रो', चार अक्षरी. एकेक करत सगळ्यांचं झालं. मी शिलिंग, गिनी, ग्रोट असं इथलं सगळं जुनं चलन पालथं घातलं. वीस मिनिटं. शेवटी त्या बाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या आजीला लगेच आलं असतं."

आजी! सोळा आणे खरं म्हणणारी. चार आण्यांची गोष्ट दहादा सांगणारी. ए एन एन ए, सरळ वाचा नाही तर उलट. आणा. ज्यांनी आयुष्यात आणा पाहिला नाही ती सहा माणसं माझ्याच घरातला शब्द मला सापडावा म्हणून थांबली होती. मला फार भरून आलं. 'इंडियन नर्स'चा राग त्यामुळे गेला असं मात्र नाही. तो आहेच.

मग मीही त्यांना एक कोडं घातलं. नलाच्या विरहाने मूर्च्छित पडलेली दमयंती, शीतोपचारांनी शुद्धीवर येते आणि आईला म्हणते, 'औषध न लगे मजला'. मी रोमन लिपीत सहा अक्षरं लिहिली: एन ए एल ए जी ई. दुसऱ्या अक्षरानंतर पेन्सिलीने उभी रेघ मारली: न लगे, औषध नको. ती खोडून चौथ्यानंतर मारली: नल गे, अगं, माझं औषध नल आहे. आई पहिलं ऐकते आणि 'बरे' म्हणून मान डोलावते. शाळेत हे श्लेषाचं उदाहरण म्हणून पाठ केलं होतं, मार्कांसाठी. इथे आजोबांनी कागद जवळ ओढला, रेघ स्वतः दोनदा खोडून पाहिली आणि विचारलं, "हे किती जुनं?" शेकडो वर्षांपूर्वीचं, असं म्हटल्यावर ते म्हणाले, "दोन्ही वाचनं पूर्ण आहेत. म्हणजे हे प्रामाणिक आहे." इथल्या सोडवणाऱ्यांकडून याहून मोठी दाद नाही. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. 1925 साली 'टेलिग्राफ'मध्ये आणि 1930 साली 'टाइम्स'मध्ये क्रॉसवर्ड आलं हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं आहे. त्या दिवशी नाही सांगितलं.

भाऊ म्हणतो, मराठी मंडळाच्या तालमी चुकवून तू त्यांचे शब्दखेळ खेळतेस. दोन तालमी चुकल्या, खरं आहे. पण श्लेष हा अलंकार नसून खेळ आहे हे मला या टेबलाशी कळलं, आणि आता बसमध्ये बसल्या बसल्या मी मराठीत सूत्रं रचते. अवघड जातं. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं, आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला धरून चालतात, त्यामुळे उलटापालट करताना फार थोडे शब्द हाती लागतात. कालपर्यंत एकच मनासारखं जमलं. गुरुवारच्या मंडळींना त्याचा उपयोग नाही, म्हणून तुम्हाला देते:

वेल उलटी फिरली की धरते ठेका (२)

व्याख्या शेवटी आहे.